मिशन संडेची पुस्तिका आणि ताईंच्या शेळ्या

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दरवर्षी मिशन संडेला, मिशनच्या कामासाठी ठेवलेल्या रविवारी, एक पुस्तिका निघते. मधल्या पानांवर जाहिराती, केटरिंगवाला, मंडपवाला, एक डेंटिस्ट, मागच्या कव्हरवर हिशेब आणि देणगीदारांची यादी, आणि बाकी पानांवर गावोगाव सुवार्ता सांगणाऱ्या ज्या सेवकांना आपण दर महिन्याला सपोर्ट पाठवतो त्यांची पत्रं. ती पत्रं कुणी वाचत नाही हे सगळ्यांना माहितीये, पाळकसाहेबांनाही माहितीये, पण देवाच्या कामाबद्दलचं छापलेलं कंटाळवाणं आहे असं तोंडाने म्हणायचं कसं, म्हणून कुणी बोलत नाही. लोक यादीत आपलं नाव नीट छापलंय का ते बघतात आणि पुस्तिका बायबलात घालून ठेवतात, ती पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेला जागा करून द्यायलाच बाहेर निघते.

तर मिशन कमिटीचे सेक्रेटरी काका मला म्हणाले, तू बँकेच्या मासिकात लिहितेस ना, यंदा हे तूच कर, जरा तळमळ आली पाहिजे बघ वाचणाऱ्यात. मी म्हणलं बरं. तळमळ कशी आणायची ते काही त्यांनी सांगितलं नाही, अठ्ठावीस पानं मात्र सांगितली.

सेवकांची पत्रं व्हॉट्सॲपवर आली. ज्यांनी अशी पत्रं वाचलीयेत त्यांना सुरुवात पाठच असेल, प्रभूच्या गोड नावात सलाम, प्रभूच्या कृपेने आम्ही सर्व कुशल असून सेवाकार्य जोमाने चालू आहे. मग किती गावांत सुवार्ता सांगितली, किती पत्रिका वाटल्या, किती जणांनी प्रार्थना मागितली, आणि शेवटी नंबर घालून प्रार्थनेचे विषय. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली पत्रं, पण एकाचं दुसऱ्याच्या नावावर छापलं असतं तरी कळलं नसतं कुणाला. त्या सेवकांना यात दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना असंच लिहायला शिकवलंय आणि कमिट्यांना हेच पाहिजे असतं. पण त्या सगळ्या गठ्ठ्यात मला एक ओळ भेटली, मेळघाटातल्या एका जोडप्याच्या पत्रात, प्रार्थनेच्या विषयांत शेवटून दुसरी: "मोटरसायकलची चेन वारंवार तुटते, त्यासाठी."

मी तिथेच थांबले. चेन का तुटते? कुठल्या रस्त्यावर तुटते? तुटली की काय करतात, ढकलत नेतात का, रात्र झाली तर? बाकीच्या पत्रात त्यांच्या विश्वासाबद्दल जे काय लिहिलं होतं त्यापेक्षा ही एक ओळ मला जास्त सांगत होती. फोन लावला तर लागेना, दोन दिवसांनी त्यांचाच आला, त्या जोडप्यातले भाऊ एका टेकाडावर चढून बोलत होते आणि वाऱ्याचा आवाज इतका की निम्मं कळेना. म्हणाले, "तुम्ही या ना इकडेच, फोनवर काय सांगायचं."

जायच्या आधी मी थोडं जुनं वाचून घेतलं, कारण मला हे बघायचं होतं की आधीच्या लोकांनी हे कसं केलं. मी नगरची, आमच्याकडे मिशनच्या गोष्टी लहानपणापासून कानावर असतात, 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक १८४२ साली नगरमधून निघालं, सिंथिया फरारबाई या अमेरिकन मिशनरी १८२७ ला मुंबईत उतरल्या आणि नंतर नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवत तिथेच वारल्या, हे सगळं आम्हाला संडे स्कूलात घोकून घेतलेलं. पण नीट वाचायला लागल्यावर एक गोष्ट नव्याने दिसली, की मिशनचं काम जेवढं जहाजाने पसरलं तेवढंच कागदाने पसरलं. विल्यम केरीने १७९२ मध्ये इंग्लंडात एक छोटं पुस्तक काढलं, तेव्हा तो चपला शिवायचा, शाळा चालवायचा आणि उपदेश करायचा, आणि त्या पुस्तकात काय आहे तर पानंच्या पानं तक्ते, देशाचं नाव, लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. वाचायला टेलिफोन डिरेक्टरीच. पण त्याच वर्षी त्यातून मिशन सोसायटी उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तो स्वतः बंगालात. मग गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल, हे आपल्या मुंबईत बसलेले अमेरिकन मिशनरी, यांनी इथे बसून एक पत्रक लिहिलं आणि ते १८१८ ला अमेरिकेत छापलं गेलं, जगातल्या साठ कोटी लोकांचं तुमच्यावर देणं आहे अशा अर्थाचं. पुढे दोघेही पटकीने गेले, न्यूएल १८२१ ला आणि हॉल १८२६ ला नाशिककडे दौऱ्यावर असताना.

आणि न्यूएलची पहिली बायको हॅरिएट. तिची गोष्ट मला माहितीच नव्हती. ती मुंबईला पोचलीच नाही, कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिलं नाही म्हणून मॉरिशसला जाताना जहाजावरच बाळ झालं, ते गेलं, आणि पाठोपाठ १८१२ ला तीही गेली, एकोणीस वर्षांची. म्हणजे सेवाक्षेत्रात तिने एक दिवससुद्धा काम केलेलं नाही. पण तिची डायरी आणि घरी पाठवलेली पत्रं छापली, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि अमेरिकेत कितीतरी मुली ते वाचून मिशनमध्ये यायला तयार झाल्या. आता सांगा, आकडा काय होता तिच्याकडे? एका मुलीची भीती, घरची आठवण, आणि तरीही जाते म्हणणं, एवढंच.

मला वाटतं केरीच्या तक्त्यांनी माणसं हलली कारण त्या लोकांना जगाची काही खबरच नव्हती, आकडा हीच बातमी होती. आपल्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत मोबाईलवर आकडेच आदळतात, शेअर मार्केट, पेट्रोल, अपघातात किती गेले. त्यात आपण अजून एक टाकला, "४२ गावांत सुवार्ता", तर तो कुठे उमटणार?

असो. थंडीत गेले. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने अमरावती, तिथून एसटीने परतवाडा, आणि पुढे सेमाडोहच्या घाटातून धारणीच्या अंगाला. घाट सुरू झाला की फोनची रेंज गेली ती गेलीच. भाऊ फाट्यावर घ्यायला आले होते आणि आत जायच्या कच्च्या रस्त्यावर चेनचं कारण मला पाठीच्या कण्यातूनच समजलं.

ताई, म्हणजे भाऊंच्या पत्नी, मूळच्या श्रीरामपूरकडच्या, भाऊ जालन्याचे. घर म्हणजे दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत एक फळा आणि लहान मुलांच्या चपलांचा ढीग. संध्याकाळी मुलं अभ्यासाला येतात. घरात कोरकू, ही तिथल्या आदिवासींची भाषा, बोलणारी पोरं आणि शाळेत मराठी, त्यामुळे पहिली-दुसरीत ती गप्पच बसतात, ताई त्यांना दोन्ही भाषा मिसळून शिकवतात. त्यांची स्वतःची कोरकू अजून मोडकीतोडकी आहे असं त्या म्हणतात, पोरं त्यांच्या चुका सुधारत होती खरी. भाऊंनी मला एका जुन्या व्याकरणाच्या झेरॉक्स दाखवल्या, १९०३ साली जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने छापलेलं कोरकूचं व्याकरण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी याच डोंगरात बसून क्रियापदं लिहून घेतली होती आणि त्या कागदांना आता भाऊंच्या घरी भाजीचे डाग पडलेत.

मी वही घेऊन गेले होते, प्रश्न काढले होते. तुम्हाला या सेवेसाठी देवाचं पाचारण कधी झालं, आव्हानं कोणती, वगैरे. ताईंनी अगदी नीट उत्तरं दिली, आणि ती उत्तरं त्या पत्रांसारखीच होती. मग मी वही ठेवून दिली आणि त्यांच्याबरोबर भाजी निवडायला बसले, आणि दुसऱ्या दिवशी त्या जिथे जातील तिथे मागे मागे फिरले.

तिथे शेळ्यांची गोष्ट निघाली, तीही ताईंकडून नाही, शेजारच्या बाईकडून. झालं होतं असं की वस्तीतल्या एका बाईचं दीड वर्षाचं पोर वाळत चाललं होतं. अंगणवाडीत दंडघेर मोजायची एक पट्टी असते, पोराच्या दंडाला गुंडाळायची, हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, आणि साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. याचं लाल आलं. धारणीला नेऊन पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचं, तर तिथे आईला पोराबरोबर चौदा दिवस राहावं लागतं. नवरा कामाला बाहेरगावी, थोरली पोरगी सहा-सात वर्षांची, आणि घरी शेळ्या. अंगणवाडी ताईंनी सांगून झालं, आशाताईंनी सांगून झालं, बाई म्हणायची बघू. सगळ्यांना वाटलं हिला पोराची पर्वा नाही. आमच्या ताई जाऊन तिच्या चुलीपाशी बसल्या, बऱ्याच वेळ काही बोलल्या नाहीत म्हणे, आणि मग विचारलं, अडचण काय आहे नेमकी? ती म्हणाली, शेळ्या कोण बघणार.

ताई म्हणाल्या, मी बघते.

आता ताई म्हणजे हायस्कूल मास्तरांची मुलगी, एम.ए. झालेली, आयुष्यात शेळीला हात लावलेला नाही. शेजारीण मला हे सांगताना हसून हसून डोळे पुसत होती, की शेळ्या ताईंना बघून एकीकडे पळायच्या आणि ताई ओढणी सावरत दुसरीकडून, गावातली पोरं झाडावर बसून तमाशा बघायची, एकदा एक शेळी कुणाच्या तुरीत शिरली आणि ताईंनी मालकाच्या शिव्या खाल्ल्या. दोन आठवडे. थोरली पोरगी त्यांच्याच घरी जेवायची-झोपायची. पोर परत आलं तेव्हा पट्टी पिवळ्यात होती, अजून हिरवी नव्हती, हे ताईंनी मला मुद्दाम सांगितलं, "पूर्ण बरं झालं असं लिहू नका हं, अजून सांभाळावं लागतंय."

आणि हे सगळं त्यांच्या पत्रात काय म्हणून आलं होतं माहितीये? "एका कुटुंबास मदत करण्याची संधी प्रभूने दिली." बस.

तिथली अजून एक गोष्ट सांगते. पहाटे मला जाग आली तर पलीकडच्या खोलीत ताई प्रार्थना करत होत्या, भिंत पातळ, ऐकू येत होतं. वस्तीतलं घर न् घर नावाने घेत होत्या, कुणाचा पाय, कुणाचं पेरलेलं, कुणाच्या पोरीची बारावी. त्यात एका माणसाचं नाव आलं जे मी आदल्या दिवशी भाऊंकडून ऐकलं होतं, हाच तो ज्याने यांच्याविरुद्ध तक्रार केली होती की हे लोक धर्म बदलायला आलेत. त्याच्यासाठी ताई मागत होत्या की त्याच्या विहिरीला पाणी लागू दे. सूर तोच, बाकीच्यांसाठी होता तसाच.

परत आले आणि लिहायला बसले. पहिल्यांदा जे उतरलं ते आमच्या घरातल्या उपदेशी मराठीतच उतरलं, रक्तातच आहे ते, "अंधकारात चाचपडणाऱ्या", "आत्म्यांची भूक" वगैरे. ते मी माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला वाचून दाखवलं, ती ख्रिस्ती नाही, पंढरपूरची आहे, घरात वारी. मुद्दामच तिला निवडलं, कारण मंडळीतला माणूस अशा शब्दांवर आपोआप मान डोलवतो. ती जिथे जिथे जांभई देईल तिथे मी पेन्सिलने रेघ मारत गेले. शेळ्यांपाशी मात्र ती सरळ होऊन बसली आणि म्हणाली, "मग? त्या तुरीवाल्याने काय केलं?" म्हणजे सुरुवात तिथून, ठरलं. उद्गारचिन्हं सगळी काढली. प्रभूची स्तुती काढली नाही, पण ती जिथे ताईंच्या तोंडून आली होती तिथेच ठेवली, माझ्या पदरची घातली नाही. ताईंचं कौतुक करणारी विशेषणंही काढली, त्यागमय, निःस्वार्थ, समर्पित, ही तिन्ही आमच्या प्रत्येक पुस्तिकेत प्रत्येक सेवकाला लागलेली असतात. एम.ए. झालेली बाई तुरीतून शेळी हाकलतेय असं लिहिल्यावर वर अजून समर्पित कशाला लिहायचं?

लक्ष्मीबाई टिळकांचं लिखाण मी याच दिवसांत परत काढलं होतं. त्यांचे यजमान कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा, मधली वर्षं बाईंनी जो राग, जे सोवळं, जी ओढाताण सोसली ती त्यांनी लपवली नाही, स्वतःवर हसत हसत सांगितली, आणि म्हणून ज्यांना ख्रिस्ती धर्माशी घेणं ना देणं तेही घराघरात ते वाचतात. आपल्याकडे एवढा मोठा धडा घरातच असताना आपण पुस्तिका मात्र सरकारी अहवालासारख्या काढतो.

एका जागी मी फार अडले. त्या भागात लहान पोराचं पोट फुगलं की तापलेल्या सळईचे चटके द्यायची जुनी रीत आहे, डंबा म्हणतात, पेपरातही येत असतं. या पोराच्या पोटावर तसे डाग होते, मी पाहिले. ते लिहिलं असतं तर मंडळीत बायका रडल्या असत्या आणि पाकिटं जाड झाली असती, हे मला पक्कं माहिती होतं. ताईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "नका लिहू. आई वाईट म्हणून नाही दिले तिने ते, जीव तुटत होता म्हणून दिले. आणि तिला दवाखान्यात जा म्हणून शेवटी भुमक्यानेच सांगितलं, ते लिहा हवं तर." भुमका म्हणजे त्यांचा देवऋषी, वैदू. जुन्या मिशनरी लिखाणात असा माणूस कायम खलनायक असायचा. मी ताईंनी सांगितलं तसं लिहिलं, भुमका चांगला माणूस म्हणून आला. इथे हा प्रकार लिहितेय तोसुद्धा गाव, वस्ती काही कळणार नाही अशा बेताने. पुस्तिकेतही गावाचं नाव बदललं, पोराचा फोटो घातला नाही, शेळ्यांचा घातला. हल्ली असलं काही छापताना त्या लोकांना उद्या त्याच गावात राहायचंय हे धरून चालावं लागतं.

मजकूर तयार झाल्यावर ताईंनी तो त्या बाईला कोरकूत वाचून दाखवला, मी तशी अटच घातली होती. तिची एकच दुरुस्ती आली, शेळ्या दोन नाहीत तीन, आणि त्यातली एक गाभण होती. ताईंची स्वतःची मात्र विनंती होती की शेळ्यांचं काढूनच टाका, माहेरचे हसतील. ती मी ऐकली नाही, बरीच घासाघीस झाली, शेवटी भाऊंनी माझी बाजू घेतली.

मग कमिटी. एका वडीलधाऱ्या पंचांनी वाचलं आणि विचारलं, सगळं छान आहे, पण ती बाई विश्वासात आली का? मी म्हणलं नाही. कधीकधी रविवारी येते, दाराशी बसते, गाणी ऐकते आणि जाते. म्हणाले, मग यात बाप्तिस्म्याचा आकडा कुठाय, लोक पैसे कशासाठी देतात? प्रश्न खोटा नव्हता, आणि मला त्यांचा राग आला नाही, त्या माणसाने आयुष्यभर पगाराचा दशांश दिलाय. मी एवढंच म्हणलं की जे झालं नाही ते झालं असं मला लिहिता येणार नाही. बराच वेळ चर्चा झाली, नेहमीप्रमाणे चहा आला आणि विषय पार्किंगवर गेला, शेवटी पाळकसाहेब म्हणाले, छापा, आकडे हवेत तर मागच्या कव्हरवर द्या. तसे दिले.

मिशन संडेला काय झालं ते सांगते, फार काही चमत्कार नाही. अर्पण थोडं जास्त आलं, पण त्या दिवशी पाहुणे वक्तेही चांगले होते. मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच, लोक प्रश्न विचारत होते. ते पोर आता कसंय? तुरीवाल्याशी समेट झाला का? गॅरेज चालवणारे आमचे एक भाऊ आहेत, उपदेशात कायम डुलक्या घेतात, त्यांनी मेळघाटातल्या भाऊंचा नंबर मागून घेतला आणि परस्पर फोन करून विचारलं की पुढचं-मागचं स्प्रॉकेट कधी बदललंय, नुसती चेन बदलून काय होणार, आणि आख्खा सेट कुरियरने पाठवून दिला. संडे स्कूलच्या पोरांनी शेळ्यांना नावं ठेवली. दोन कॉलेजच्या मुलींनी विचारलं, सुट्टीत तिथे जाऊन शिकवता येईल का. एक गेली, एकीला घरून परवानगी नाही मिळाली.

यंदा पुस्तिका परत माझ्याच गळ्यात आहे. सेवकांना मी सांगितलंय की पत्र लिहू नका, व्हॉइस नोट पाठवा, आणि तीन गोष्टी सांगा: या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, कशावरून भांडण झालं, आणि कुठे हात टेकले. सुरुवातीला कुणी काही पाठवेना, भांडणाचं विचारल्यामुळे बहुतेक घाबरले असावेत. आता हळूहळू यायला लागल्यात, एक तर पाऊण तासाची आहे, निम्मी रेशनकार्डावर. आणि नंदुरबारकडच्या एका सेवकांनी उलट मलाच विचारलंय, तुमच्या मंडळीतले लोक आमच्यासाठी प्रार्थना करतात, तर आम्हाला पण त्यांचं काहीतरी लिहून पाठवा, नुसती देणगीदारांची यादी येते, तिच्यावरून प्रार्थना काय करणार. हे मी कमिटीत मांडलं, दोघं-तिघं हसले, पण महिला मंडळाच्या एका काकूंनी तिथल्या तिथे माझ्या वहीतलं पान फाडून घेतलं आणि लिहायला लागल्या, "आमचे हे रिटायर झाल्यापासून दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात, कुणाशी बोलत नाहीत, त्यासाठी."